नवरा-नवरीचे रकाने

निपाणी, १८ नोव्हेंबर २०२४

जयाआत्या,

पाया पडतो. गावात फोन क्वचितच लागतो, लागला तरी तुला नीट ऐकू येत नाही, आणि मी मोठ्यानं बोललो तर दुकानातली गिऱ्हाइकं कान देतात. म्हणून पत्र. अंगणवाडीत असताना तू पानंच्या पानं अहवाल लिहायचीस, त्यामुळं उत्तर द्यायला कंटाळणार नाहीस असं धरून चालतो.

मी लग्न करायचं ठरवलंय. आणि कचेरी करू देत नाही.

मुलीचं नाव अबोली. मूळची सदलग्याची, इथल्या हायस्कुलात कन्नड शिकवते. तिच्या घरमालकाचा पाण्याचा पंप जळला, वाइंडिंगला माझ्या दुकानात आला. पंप एकदाच जळला होता, पण चौकशीला अबोली चार वेळा आली. हसू नकोस.

तिला मी सगळं सांगितलं. जन्मलो तेव्हा मुलगी म्हणून नोंद झाली, चौदाव्या वर्षी आवाज फुटला, पुढं दाढी-मिशा आल्या, मूल होणार नाही. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग लग्नाला अडचण काय?" मी म्हणालो, "हीच की." ती म्हणाली, "ही तुझी हकीकत झाली. अडचण सांग."

अडचण विवाह नोंदणीच्या खिडकीवर कळली. आधार, दहावीचं मार्कलिस्ट, जन्मदाखला, सगळीकडं माझ्या नावापुढं 'स्त्री'. कारकुनानं माझ्या मिशीकडं बघितलं, मग कागदाकडं. "ह्यात नवरा कोण?" मी म्हणालो, मी. "कागद तसं म्हणत नाहीत. दोन बायकांचं लग्न कायद्यात नाही, जावा." मागं रांग होती, सगळे ऐकत होते. अबोलीनं माझा हात धरला आणि आम्ही जिना उतरलो.

बेळगावात लतिकाताई म्हणून वकील आहेत, त्यांना भेटलो. त्या म्हणतात, जन्मापासून बघितलेल्या माणसाकडून सगळं सलग लिहून आणा. आई नाही. आप्पा या विषयावर तोंड उघडत नाहीत. तू मला जे सांगितलंस ते तुकड्यातुकड्यानं. एकदा पहिल्यापासून लिही. आणि लग्नाचं आप्पांच्या कानावर घाल.

तुझा,
तेजू


जांबोटी, २७ नोव्हेंबर २०२४

तेजू, सुखी ऱ्हा रं बाबा.

पत्र मिळालं. सुगी चालू हाय, भात झोडपून अंग मोडून आलंय, तरी दोनदा वाचलं. चार येळा आली म्हंजे पोरगी डोक्यानं बरी हाय. तिला कन्नड येतंय ते लई बेस झालं. कचेरीतलं कागद वाचायला आता दुसऱ्याच्या दारात जायला नको.

आता सलग लिवतो. तू झालास तवा आईला दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली न्हाय, घरातच मोकळी झाली. बाळाबाई सुईण हुती. तिनं तुला दाराच्या उजेडात धरलं, लई येळ बघितलं, मग म्हनली, "पोरगीच म्हना." 'म्हना' म्हनली. 'हाय' म्हनली न्हाय. तुझी आई शाणी. तिनं नावच असं ठेवलं की पोराला बी चालंल, पोरीला बी चालंल. तलाठ्याचा माणूस आलता, त्यानं अंगणातनंच इचारलं आन लिवून घेतलं. घरात पाय बी ठेवला न्हाय.

गावात तुला काय वेगळं वाटलं न्हाय. आमच्यात बाया बी 'मी येतो, मी जातो'च म्हंत्यात, आता मी लिवतोय तसंच. बेळगावच्या शाळेत घातलं तवा तिथल्या बाईंनी तुला 'येते, जाते म्हण' म्हणून हातावर पट्टी मारली. घरी येऊन तू म्हनलास, "आत्या, मला तसं म्हनता येत न्हाय, जीभ अडकतीया." तवा मला कळलं. तुझ्या आईला आधीच कळलं हुतं.

आवाज फुटल्यावर मोठ्या डॉक्टरकडं नेलं. ते म्हनले, ऑपरेशन करून पक्की पोरगी करून टाकू, म्हंजे पुढं लग्नाला अडणार न्हाय. तुझा आप्पा, माझा अण्णा, त्यानं एवढंच इचारलं, "लेकराला कुठं दुखतंय काय?" डॉक्टर म्हनले, न्हाय. "मग नको." झालं. तुला हाताला धरून बसस्टँडवर आणलं, उसाचा रस पाजला, आन शेवटच्या बसनं आम्ही घरी आलो. त्या दिसापास्नं त्यो यावर बोललेला न्हाय. तुझी आई गेल्यावर तर न्हायच न्हाय.

तुझं लग्नाचं अण्णाला सांगितलं. बरा हाय. बैलाच्या खुराला लागलंय, त्यात गुंतलाय.

तुझी,
जयाआत्या


निपाणी, ९ फेब्रुवारी २०२५

आत्या,

उसाचा रस मला आठवत होता. कशासाठी पाजला ते तुझ्या पत्रानं कळलं.

तुझं पत्र लतिकाताईंनी दोन वेळा वाचलं आणि बेळगावात माझ्या तपासण्या करून घेतल्या. तिथल्या डॉक्टरबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, अशी माणसं जन्मतात, शरीराची ही एक तऱ्हा आहे. इंग्रजीत इंटरसेक्स, मराठीत आंतरलिंगी. त्यांनी कागदावर लिहून दिलं की वाढत गेलेलं शरीर पुरुषाचं आहे आणि मनही. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरकडून बाहेर पडताना मला शिट्टी वाजवावीशी वाटली.

आता कायद्याचं. लतिकाताई म्हणाल्या, नवरा पुरुष आणि नवरी स्त्री असेल, तर त्यातलं एक ट्रान्सजेंडर किंवा आंतरलिंगी आहे म्हणून लग्न अडवता येत नाही. वरच्या कोर्टाचा आधार आहे. अडलंय ते कागदावर. कलेक्टर कचेरीतून ट्रान्सजेंडर म्हणून ओळखपत्र मिळतं, पुष्कळांना ते हवं असतं. पण त्या वाटेनं पुढं 'पुरुष' लिहून घ्यायचं तर ऑपरेशनचा दाखला लागतो. मी म्हणालो, दुखत नाही तिथं मी कापून घेणार नाही. (तुझं पत्र वाचून मला हे वाक्य सापडलं.) मग राहिली कोर्टाची वाट. जन्माची नोंदच चुकली होती, ती दुरुस्त करा, असा अर्ज खानापूरच्या कोर्टात टाकलाय.

मी विचारलं, "आणि जो म्हणतो मी हाही नाही आणि तीही नाही, त्याचं लग्न?" लतिकाताईंनी चष्मा काढला. "त्याच्यासाठी फॉर्मवर अजून रकाना नाही," म्हणाल्या.

अबोलीचं मात्र लतिकाताईंशी वाजलं. त्या म्हणाल्या, फसवून केलेलं लग्न कोर्ट रद्द करू शकतं, नवरा शरीरानं असमर्थ आहे म्हणूनही करू शकतं. पुढं कुणी तसं उकरून काढू नये म्हणून तिनं प्रतिज्ञापत्र द्यावं, की मला सगळं माहीत आहे. अबोली खुर्चीतून उठलीच. "माझ्या मैत्रिणींच्या नवऱ्यांनी काय काय लपवलं. एकानं फिट्सचा आजार, एकानं चक्क पहिली बायको. त्यांच्याकडून कुणी लिहून घेतलं?" लतिकाताई म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. तरी द्या." तिनं सही केली, पण खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'अर्जदारालाही माहीत आहे की मला थायरॉइड आहे, मी घोरते आणि मला भाकरी येत नाही.' लतिकाताईंनी हसून ती ओळ काढायला लावली. अबोली हसली नाही. निपाणीपर्यंत बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसली.

कोर्टाला आप्पांची साक्ष हवी. अर्जाची प्रत त्यांना टपालानं गेलीय. येतील ना?

तेजू


जांबोटी, २२ फेब्रुवारी २०२५

तेजू,

अण्णाचं गुडघं धरल्यात. त्याला कशाला खानापूरपातूर ओढतोस? साक्षीला मी येतो. मी बी पहिल्यापास्नं बघितलंय.

अबोलीला सांग, आमच्यात भातच खात्यात. भाकरीवाचून तिचं काय अडणार न्हाय.

जयाआत्या


निपाणी, १४ एप्रिल २०२५

आत्या,

आप्पांचे गुडघे बरे आहेत. परवा आपल्या गावचा रवळू दुकानात आला होता, तो म्हणाला, तुझा बाप भावकू काल डोंगरातनं लाकडाची मोळी घेऊन उतरला. मी तुझ्यावर चिडलेलो नाही. पण खरं सांग. त्यांना लाज वाटते ना? चारचौघांत उभं राहून माझ्याबद्दल बोलायची? तसं असेल तर मी त्यांना ओढणार नाही.

दुसरं म्हणजे अबोली. शाळेला सुट्टी लागली तशी "गावाला जाऊन येते" म्हणून गेली. तेव्हापासून फोन बंद. सदलग्याला तिचा भाऊ आदर्श पहिल्यापासून विरोधात आहे. "बाईशी लग्न करणार काय तू?" असं त्यानं तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं. आता फोन काढून घेतला असेल. किंवा तिचं तिलाच नको झालं असेल. त्या सहीच्या दिवसापासून ती जरा गप्पच होती. कुणाला नको होणार नाही, आत्या? लग्न करायचं म्हणून तिला डॉक्टर, वकील, कोर्ट, सगळ्यांसमोर उभं राहावं लागतंय, आणि तिनं कुणाचं काय बिघडवलंय?

ती नाही म्हणाली तर मी तिला दोष देणार नाही. पण दुकानात बसून मला दोन दिवस एक तार धड गुंडाळता आलेली नाही.

तेजू


जांबोटी, १७ एप्रिल २०२५

तेजू,

हे पत्र कुणी आणून दिलं त्या माणसाकडं आधी बघ. मग पुढं वाच.

बघितलंस? ती इथंच हुती रं. शनिवारी दुपारच्या बसनं उतरली, पाठीला पिशवी, रस्त्यावरच इचारत आली, "जयाआत्यांचं घर कुठलं?" इथं फोन लागत न्हाय हे तुला ठाऊक न्हाय व्हय? तुझं पत्र आज आलं. मी तिला वाचाय दिलं. वाचून हसली, मग डोळं पुसलं, मग परत हसली. म्हनली, "आत्या, मला राग त्याचा न्हाय आलता. लग्नासाठी सही करून द्यायला लागली, त्याचा आलता."

गुडघ्याचं मी खोटं लिवलं. अण्णा सरळ 'येत न्हाय' म्हनलता, तुला वाईट वाटंल म्हणून मी झाकलं. ती पोरगी त्याचाच छडा लावाय आलती.

पहिल्या दिशी तिनं काय इचारलं न्हाय. गोठ्यात त्याच्यासंगं वैरण टाकली. दुसऱ्या दिशी म्हनली, "आप्पा, कोर्टात का येत न्हाईसा?"

अण्णा आत गेला आन त्यो अर्जाचा कागद घेऊन आला. म्हनला, "रवळूनं वाचून दावलंय. हितं 'तप्पु' लिवलंय. एकदा न्हाय, तीनदा. तप्पु म्हंजे चूक, तेवढं कन्नड मला येतंय. माझ्या लेकरात चूक हाय असं मी कोर्टात जाऊन सांगू? डॉक्टरनं सांगितलं तवा मी ऐकलं न्हाय, आता सांगू?"

तेजू, एवढी वर्सं मला बी वाटायचं त्याला लाज वाटत आसंल. त्याला राग आलता रं. तुझ्या अंगाला कोण तप्पु म्हनलं म्हणून.

अबोलीनं कागद मांडीवर घेतला. पोरांना शिकवतात तसं बोट ठेवून वाचलं. "'नोंदणियल्लि तप्पागिदे.' आप्पा, नोंदणियल्लि म्हंजे नोंदणीत. नोंदणीत चूक झालीया. पोरात न्हाय."

अण्णा म्हनला, "परत वाच."

तिनं परत वाचलं.

"म्हंजे तलाठ्याची चूक?"

"व्हय. लिवणाऱ्याची."

त्यो उठला, बैलाला पाणी दावून आला, आन म्हनला, "तारीख कवा हाय?"

ती परवाच निघणार हुती, अण्णानंच ठेवून घेतली. रोज सकाळी च्याच्या येळेला तिच्याकडनं ती ओळ म्हणून घेतोय.

जयाआत्या


निपाणी, ३ ऑगस्ट २०२५

आत्या,

गाय नेमकी त्याच दिवशी व्यायला बसली आणि तुझं खानापूर हुकलं, म्हणून सगळं लिहितो. वासराचं नाव काय ठेवलंस?

आप्पा आमच्या आधी कोर्टाच्या दारात हजर होते. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. मी पाया पडलो तर म्हणाले, "खाल्लंस काय?" एवढंच.

माझी साक्ष झाली, डॉक्टरबाईंची झाली. मग आप्पांना बोलावलं. सरकारी वकिलांनी विचारलं, "शाळेत मुलगी म्हणून नाव घातलंत, दहावीपर्यंत तसंच चाललं. इतकी वर्षं गप्प का बसलात?"

आप्पा म्हणाले, "साहेब, मला कुणी इचारलंच न्हाय. आज तुम्ही इचारलंसा."

जज्जबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "जन्माच्या वेळी काय झालं ते सांगा." आप्पांनी सांगितलं, आत्या. आपल्या घरात जे कधी बोलले नाहीत ते तिथं उभं राहून बोलले. बाळाबाईनं उजेडात धरलं ते, आईनं नाव शोधलं ते, तलाठ्याच्या माणसानं अंगणातूनच लिहून घेतलं ते. आई रात्री मला मांडीवर घेऊन म्हणायची, "हे जे हाय ते आपलं हाय," हेही सांगितलं. मला हे माहीत नव्हतं. तुला होतं?

शेवटी जज्जबाईंनी विचारलं, "म्हणजे तुमचं म्हणणं, चूक नक्की कुठं आहे?"

आप्पा ताठ उभे राहिले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "नोंदणियल्लि तप्पागिदे." मग मराठीत, "लेकरू बरोबर हुतं. लिवलेलं चुकलं."

जज्जबाईंनी मान खाली घालून लिहून घेतलं. अबोली मागच्या बाकावर तोंडाला पदर लावून बसली होती, हसत होती की रडत होती ते मला दिसलं नाही.

बाहेर टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्यानं आप्पांना विचारलं, "पाव्हणं कोण?" आप्पा म्हणाले, "पोरगा. निपाणीत दुकान हाय त्याचं." बशीतला चहा फुंकत म्हणाले, जसं काही रोजच म्हणतात. मी माझा उरलेला चहा त्यांच्या बशीत ओतला.

निकाल गेल्या आठवड्यात लागला. नोंद दुरुस्त करण्याचा हुकूम आहे. नवा दाखला आला की बाकीचे कागद बदलतील, मग लग्नाची नोटीस.

तेजू


जांबोटी, २० ऑगस्ट २०२५

तेजू,

कालवड हाय. नाव अण्णानं ठेवलंय, 'खानापुरी'. काय बोलायचं त्याला.

आईचं ते बोलणं मला ठाऊक हुतं. अण्णाकडनंच तुला कळावं असं वाटत हुतं, म्हणून मी सांगितलं न्हाय.

गावात आता अण्णा भेटंल त्याला कोर्टाची हकीकत सांगतोय. रवळूला तर बोलावून सांगितलं, "तुझं कन्नड कच्चं हाय." कोण कोण त्वांड वाकडं करत्यात, ती आधी बी करत हुती. चालायचंच.

लग्नाच्या सह्यांचा दिवस सुगीतच येणार बघ. आम्हाला यायला जमणार न्हाय, पिकलेलं भात थांबत न्हाय. तुम्ही सह्या करून हिकडं या, जेवण आपल्या अंगणात. पण तिथं काय काय झालं ते लिवून कळव. कार्यक्रमाच्या गर्दीत मला कोण सांगणार आन मला काय ऐकू येणार?

सदलग्याचं काय झालं?

जयाआत्या


निपाणी, २६ नोव्हेंबर २०२५

आत्या,

झालं. कालच झालं. तू सांगितलंस म्हणून सगळं लिहितो.

नोटीस लागल्यावर महिनाभर आमची नावं कचेरीच्या फळ्यावर होती. अबोली शाळेतून येताना रोज वाट वाकडी करून बघून यायची. "अजून आहेत," म्हणायची, जशी कुणी पुसून टाकतील. आणि शेवटच्या आठवड्यात आदर्शनं हरकत घेतलीच. 'वर पुरुष नाही' असा लेखी अर्ज.

अधिकाऱ्यांनी सगळ्यांना बोलावलं. आदर्श आला, माझ्याकडं न बघता बसला. लतिकाताईंनी नवा दाखला आणि कोर्टाचा हुकूम पुढं ठेवला. अधिकाऱ्यांनी वाचला आणि आदर्शला विचारलं, "यातलं खोटं काय आहे?" तो म्हणाला, "सगळ्यांना माहीत आहे." ते म्हणाले, "मला दाखल्यावरचं माहीत आहे. वधूचं वय, वराचं वय, आधीचं लग्न, जवळचं नातं, मनाची स्थिती, यातली काही हरकत असेल तर सांगा." हरकत फेटाळली.

जिन्यात अबोली त्याच्या मागं गेली. मी वरच थांबलो. "दादा, जेवायला ये जांबोटीला," ती म्हणाली. तो थांबला, पण मागं वळला नाही. गेला. येईल असं मला वाटत नाही. अबोलीची आई मात्र काल आली. कोपऱ्यातल्या बाकावर बसली. निघताना तिनं माझ्या हातात नारळ दिला आणि "हिला थंडी बाधते" एवढं सांगितलं.

सह्यांच्या वेळी मी इतकं काय काय मनात धरून गेलो होतो. कुणी काही विचारलं तर काय म्हणायचं, कुणी हसलं तर काय करायचं. अबोली तर शाळेतल्यासारखी सगळ्या कागदांची फाइल लावून आली होती. आमच्या मागं चिकोडीचं एक जोडपं होतं. त्यांच्यातला नवरा फोटो विसरून आला होता आणि नवरी त्याला सगळ्यांसमोर झापत होती.

आम्हाला बोलावलं. शपथ वाचली. मी "मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो" म्हणालो, तिनं "पती" म्हटलं. साक्षीदारांच्या सह्या, आमच्या सह्या. अधिकाऱ्यांनी शिक्का मारला, कागद उलटा केला, शाई वाळली का बघितलं, आणि आमच्या खांद्यावरून मागं बघत म्हणाले, "मुंदिनवरु बर्री." पुढचे या.

आम्ही दोघं अजून खुर्चीतच. अबोली माझ्या कानात म्हणाली, "ऊठ, आपलं झालं."

बाहेर ऊन होतं. आता काय करायचं ते दोघांनाही सुचेना. मग भाजी घेतली आणि घरी आलो.

शनिवारी दुपारच्या बसनं येतो.

तुझा,
तेजू